बाळाच्या टाचेतलं रक्त तपासून पुढचा हार्ट अटॅक कळतो का?

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, नमस्कार. तीन-चार वर्षं इथं नुसता वाचनमात्र होतो. आज लिहायची वेळ आली.

नऊ दिवसांपूर्वी मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप. (पेढे कुंथलगिरीचे आहेत, ज्यांना पाहिजेत त्यांनी लातूरला यावं.) सुट्टी होताना काउंटरवरच्या मुलीनं बिलासोबत एक गुळगुळीत पत्रक हातात दिलं. नवजात बाळाच्या तपासण्या, तीन पॅकेजं: अडीच हजार, सहा हजार, साडेतेरा हजार. तिसऱ्याच्या यादीत शेवटची ओळ होती, "आनुवंशिक हृदयविकाराचा धोका". टाचेला सुई टोचून चार-पाच थेंब घेणार, कागदावर टिपून बाहेर पाठवणार, तीन आठवड्यांनी रिपोर्ट.

एरवी पत्रकाची घडी करून खिशात घातली असती. पण आमच्या वडिलांची ४८व्या वर्षी बायपास झालेली. सोलापूरला नेलं होतं. आणि दोन वर्षांपूर्वी दादा गेला. ३९ वर्षांचा. दारू नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडही नाही. आडतीवर सोयाबीनचं माप चालू होतं, छातीत जळजळ होतंय म्हणाला. शेजारच्या डॉक्टरनं पित्ताची गोळी दिली. संध्याकाळी पोत्याला टेकून बसला तो बसलाच.

आता बायको म्हणते, साडेतेरा हजार गेले तर गेले, करून टाकू. आई म्हणते, नऊ दिवसांच्या लेकराला सुया कशाला टोचायलाव. मी मधी. खरंच असं काही कळतं का? कळलं तर पुढं काय करायचं?

कडक_चहा (जालना)

अभिनंदन! रिपोर्ट तीन आठवड्यांनी, पेढे मात्र लगेच पाठवा.

सोयाबीन_भाव (उदगीर)

काही कळत नसतंय. सगळा धंदा. माझ्या पुतणीच्या वेळी असंच पॅकेज गळ्यात मारलं, ५४ रोगांची यादी, रिपोर्टात ५४ वेळा "नॉर्मल". पुतणी धडधाकट आहे हे मला फुकटात दिसत होतं. बायपासवाल्या घरात लेकरू जन्मलं की आधी माणूस घाबरतो, त्या भीतीचेच साडेतेरा हजार. भाऊ, त्या पैशात बाळाच्या नावानं पोस्टात खातं काढा.

बालवैद्य (परभणी)

मांजराकाठ, अभिनंदन. आणि दादांबद्दल वाचून वाईट वाटलं.

सोयाबीन_भाव यांचं अर्धं बरोबर, अर्धं धोकादायक. २० वर्षं लेकरंच तपासतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या पत्रकात तीन वेगवेगळ्या गोष्टी एका ताटात वाढल्या आहेत.

एक, टाचेच्या रक्ताची मूळ तपासणी. १९६०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी टिपकागदावर रक्ताचा थेंब वाळवून फिनाइलकीटोन्युरिया हा आजार शोधायची युक्ती काढली, तिथून हे सुरू झालं. आपल्याकडे यातली सगळ्यात मोलाची म्हणजे थायरॉइडची. जन्मतः थायरॉइड कमी असणारं बाळ आपल्या देशात साधारण हजारामागे एक असतं. दिसायला अगदी गोंडस, शांत. आई सांगते, "लई गुणाचं आहे, रडतच नाही." सहा महिन्यांनी माझ्याकडे येतं तेव्हा बुद्धीचं झालेलं नुकसान भरून निघत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं वाढतं. तुमच्या पुतणीची ५४ मधली ५३ पानं फाडून टाका, पण हे एक पान पैसे वसूल होतं. मांजराकाठ, ही झाली नसेल तर उद्याच करा. ४८ तासांनंतरचं रक्त लागतं, ती वेळ उलटून गेली आहेच.

दोन, हृदयाची रचना. छिद्र, झडपा, उलटसुलट जोडलेल्या रक्तवाहिन्या. हजार बाळांत साधारण आठ-नऊ जणांत काहीतरी सापडतं. याला रक्त लागत नाही. बोटाला लावायचा तो ऑक्सिमीटर उजव्या हाताला आणि एका पायाला लावतात, आकडा कमी आला किंवा दोन्हींत फरक दिसला तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पाच मिनिटांचं काम.

तीन, तुमचा प्रश्न. रचना ठणठणीत, पण पुढे चाळिशीत रक्तवाहिनी तुंबेल का? ती आनुवंशिकता. तुमच्या घरचा इतिहास वाचून एकच नाव डोक्यात येतं, पण ते बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी समजावलेलं बरं. हिमरूताई, आहात का?

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)

आहे, पेपर तपासत होते.

डॉक्टरांच्या डोक्यातलं नाव म्हणजे फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. वर्गात मी त्याला "घराण्याचं कोलेस्टेरॉल" म्हणते. यकृताच्या पेशींवर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात. ते बनवणारा जीन आपल्याला दोन प्रतींत मिळतो, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असेल तर निम्मेच रिसेप्टर काम करतात. मग एलडीएल रक्तातच फिरत राहतं, जन्मापासून. साखर, तेल, तूप याच्याशी मूळ कारणाचा संबंध नाही. हे ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी शोधलं, त्यासाठी १९८५चं नोबेल मिळालं.

दुर्मीळ वाटतं, पण जगभरात साधारण २५० ते ३०० माणसांत एक. आडतीवर सोयाबीन घेऊन आलेल्या गर्दीत एखादा असणारच. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं. आणि व्यसन नसलेला बारीक माणूस ३९व्या वर्षी जातो तेव्हा हीच शंका आधी घ्यायची.

आता टाचेचा थेंब. गंमत अशी की जन्मल्या जन्मल्या सगळ्याच बाळांचं कोलेस्टेरॉल खूप कमी असतं. नाळेच्या रक्तात तर बिघाड असलेलं आणि नसलेलं बाळ यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की त्यावरून निवाडा करता येत नाही. वाळवलेल्या थेंबातून कोलेस्टेरॉल, ॲपो-बी (एलडीएलच्या कणावरचं प्रथिन) आणि जीन मिळून काही जमतं का यावर संशोधन चालू आहे. पण आज लातुरात साडेतेरा हजार घेऊन विकावं इतकं ते पक्कं झालेलं नाही.

फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो वयाच्या पहिल्या वर्षानंतर. ब्रिटनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. एक ते दोन वर्षांची १०,००० वर मुलं लसीकरणाला आली तेव्हाच टाचेतून रक्त घेतलं. हजार मुलांमागे चार मुलं सापडली, आणि त्यांच्या मागोमाग चार आईवडील. ते पालक तिशीतले, आपल्याला काही आहे याचा पत्ताच नसलेले.

कडक_चहा (जालना)

म्हणजे लस पोराला आणि इंजेक्शन बापाला.

मांजराकाठ (लातूर)

ताई, डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. थायरॉइडची झालेली नव्हती, उद्या करतो. (काउंटरवर कुणी सांगितलंही नाही. साडेतेरा हजाराच्या पॅकेजात ती आतच होती, सुटी मागितली तर "बघावं लागेल" म्हणाले.)

पण मग बाळाला ते "घराण्याचं" आहे का हे कळायला दीड वर्ष थांबायचं?

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)

बाळाचं नंतर बघू. तुमचं स्वतःचं कोलेस्टेरॉल शेवटी कधी तपासलं होतं?

मांजराकाठ (लातूर)

कधीच नाही.

सोयाबीन_भाव (उदगीर)

हे मात्र खरं बोललात ताई. बापाचं तीन-चारशे रुपयांचं काम आणि विकायलेत काय तर लेकराचं साडेतेरा हजाराचं!

कुंथलगिरी (धाराशिव)

(पेढ्यांचं नाव निघालं म्हणून यावंच लागलं.)

मी इथं थोडी वेगळी बाजू मांडते. माझ्या मुलीच्या वेळी टाचेचं रक्त दिलं होतं. पाचव्या दिवशी फोन, "एक व्हॅल्यू जास्त आहे, पुन्हा नमुना द्या." कुठली व्हॅल्यू, किती जास्त, काही नाही. फोन करणाऱ्या मुलालाच माहीत नव्हतं. आठ दिवस मी माहेरी माजघरात बसून त्या लेकराच्या तोंडाकडे बघत होते. दूध पिताना दमली का, डोळे नीट फिरवते का. सासूबाई रोज एक नवीन दृष्ट काढत होत्या. मला दूधच येईना. दुसरा नमुना अगदी नॉर्मल निघाला. मुलगी आता चौथीत आहे आणि घरातल्या सगळ्यांना दमवते.

तपासणी नको असं मी म्हणत नाही. पण जो आजार चाळिशीत त्रास देणार, त्याचा शिक्का पाळण्यातल्या लेकरावर मारून मिळवायचं काय? औषध तरी तेव्हा देता येतं का? आणि मुलगी असली तर स्थळं बघताना "हार्टचं आहे म्हणे" हे आपल्याकडे किती लांब जातं ते इथल्या बायकांना सांगायला नको.

बालवैद्य (परभणी)

कुंथलगिरीताईंचा प्रश्न अगदी रास्त आहे. औषध पाळण्यात देत नाहीत. नेहमीच्या प्रकारात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, साधारण ८ ते १० वर्षांच्या वयापासून. तोवर खाणंपिणं, खेळ, आणि घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती बंद. त्यामुळे जन्मल्या दिवशी कळून फारसा फायदा नाही, हे मान्य.

अपवाद एकच. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर. ती मुलं फार थोडी, काही लाखांत एखादं. पण त्यांना शाळेच्या वयातच झटका येऊ शकतो आणि उपचार लगेच लागतो. माझ्या सगळ्या नोकरीत असं एकच लेकरू पाहिलं. गुडघ्यांवर, कोपरांवर पिवळसर गाठी होत्या, आईवडील त्यांना चामखीळ समजून चुना लावत होते. आईवडील आते-मामे भावंडं.

हे लिहिताना मला कुणाला दुखवायचं नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क ही रीत आहे, माझ्या स्वतःच्या घरात दोन जोडपी अशी आहेत. पण ज्या घराण्यात तरुण माणसं हार्टनं गेली आहेत, तिथं नात्यात सोयरीक जुळवण्याआधी दोघांचं कोलेस्टेरॉल बघा. कुंडलीपेक्षा स्वस्त पडतं.

कडक_चहा (जालना)

३६ गुण जुळले, एलडीएल जुळू नये.

घाणीचं_तेल (हिंगोली)

एवढी चर्चा आणि तेलावर कुणी बोललंच नाही. आमच्या आज्ज्यानं आयुष्यभर करडईचं तेल खाल्लं, धपाट्यावर लोण्याचा गोळा, ९१ वर्षं जगला. हे पामतेल, हे पाकिटातलं फरसाण आलं आणि चाळिशीत माणसं जायला लागली. लाकडी घाण्याचं करडई तेल चालू करा, कुठल्या तपासणीची गरज पडत नाही.

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)

तेलदादा, करडईच्या तेलाला माझा आक्षेप नाही, आमच्याही घरी तेच. पण आजोबांचे रिसेप्टर शाबूत होते म्हणून लोण्याचा गोळा पचला. ज्याचे निम्मे आहेत त्याने उकडलेल्या भाज्यांवर दिवस काढले तरी एलडीएल थोडंच उतरतं. मला राग याचाच येतो की अशा घरातल्या मेलेल्या माणसालाही लोक पथ्य पाळलं नाही म्हणून दोष देतात. मांजराकाठ यांच्या दादांना कुणी ना कुणी "टेन्शन घेत होता" म्हणालंच असेल.

मांजराकाठ (लातूर)

म्हणाले. दहाव्यालाच म्हणाले. वहिनीच्या तोंडावर, "तेलकट फार करता का?"

घाणीचं_तेल (हिंगोली)

चुकलं माझं. लिहिण्याआधी सगळा धागा वाचायला पाहिजे होता.

(अवांतर: ज्यांना तेल पाहिजे त्यांनी व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, करावा.)

टिपकागद (नांदेड)

मी लॅबमध्ये नमुने घेतो, म्हणून चार शब्द. टाचेच्या मधोमध कधी टोचायचं नसतं, कडेला टोचायचं. आधी कोमट कापडानं टाच गरम करायची, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा मोठा होऊ द्यायचा आणि कागदाचं वर्तुळ एकाच थेंबात भरून मागल्या बाजूला डाग उमटला पाहिजे. थेंबावर थेंब टेकवला तर नमुना बाद. मग तीन-चार तास सावलीत आडवा वाळवायचा. पंखा नाही, ऊन नाही.

आता सांगा, मे महिन्यात ४३ डिग्रीला तो कागद कुरिअरच्या पोत्यात दोन दिवस कुठं कुठं फिरतो? उष्णतेनं आणि दमटपणानं काही घटक खराब होतात. कुंथलगिरीताईंना आला तसा फोन कितीदा मुलाच्या रक्तामुळं येतो आणि कितीदा आमच्या घाईमुळं, हे मी पोटापाण्याच्या भीतीनं इथं लिहीत नाही.

बालाघाट (बीड)

तुमचं सगळं वाचलं. मी वस्तीशाळेवर मास्तर आहे. आमच्या वर्गात दिवाळीनंतर निम्मी बाकं रिकामी असतात. आईबाप कोयता घेऊन कारखान्याला, कोणी सांगली-कोल्हापूर, कोणी कर्नाटक. लेकरं संगं. कितीतरी बायकांचं बाळंतपण फडाजवळच्या पालात होतं, बाळाचा कागद असलाच तर पेटीच्या तळाला. अशा बाळाच्या टाचेतून रक्त घेतलंही, तर रिपोर्ट येईपर्यंत ते तीनशे किलोमीटरवर. मोबाईल नंबर मुकादमाचा. मुकादम फोन घेणार आणि सांगणार काय, "तुमच्या पोराच्या रक्तात काहीतरी आलंय"? उचल फिटेपर्यंत ती बाई जागची हलू शकत नाही.

तुमच्या धाग्यात मला एकच गोष्ट दिसली नाही. आजार शोधण्याच्या आधी माणूस शोधायची सोय पाहिजे. नवजात बाळापेक्षा शाळेतलं लेकरू सापडायला सोपं. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांवर येते, दात बघतात, डोळे बघतात, छातीला नळी लावतात. त्यात बोटातला एक थेंब आणखी घ्या. गुढीपाडव्यानंतर या, सगळे गावात असतात.

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)

मास्तर, तुम्ही कुणालाही न विचारता स्लोव्हेनियाच्या धोरणापर्यंत पोचलात. त्या चिमुकल्या देशात १९९५ पासून शाळेत जाण्याआधी, पाच वर्षांच्या आसपास, सगळ्या मुलांचं कोलेस्टेरॉल बघतात. ज्याचं वाढलेलं त्याची जीन तपासणी, मग घरच्यांची.

बालाघाट (बीड)

त्यांच्याकडं ऊस नसंल.

दुधना (परभणी)

जीन तपासणीवर एक प्रश्न. माझ्या चुलतभावाला विमा कंपनीनं "आनुवंशिक आजार" म्हणून क्लेम नाकारला होता. मग हे असलं कागदावर आणावंच का?

मांडवळ_वकील (अंबाजोगाई)

दुधना, २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आरोग्य विम्यातली "आनुवंशिक आजार वगळले" ही सरसकट अट भेदभावाची ठरवली. गंमत म्हणजे ते प्रकरण हृदयाच्याच आजाराचं होतं, स्नायू जाड होण्याचं. त्यानंतर नियामकानंही कंपन्यांना तशी सूचना काढली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्यामुळे हा शेवटचा शब्द धरू नका. पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचा आणि प्रस्ताव अर्जात माहिती असलेली गोष्ट लपवू नका. लपवली तर मग कुठलाच निकाल कामाला येत नाही.

सोयाबीन_भाव (उदगीर)

हृदयाचे सगळे जीन एकदाच तपासून मोकळं का होऊ नये? एकदा काय ते.

हिमरू (छत्रपती संभाजीनगर)

काल "सगळा धंदा" म्हणणारे हेच का?

सगळे तपासले की असं काहीतरी हाती येतं ज्याचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसतं. उदाहरण देते. हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जीनमधली २५ अक्षरं गाळलेली, असा बदल दक्षिण आशियातल्या साधारण १०० पैकी ४ जणांत असतो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणू संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेलं हे काम २००९ साली प्रसिद्ध झालं. हार्ट फेल होण्याशी त्याचा संबंध दाखवला आहे. पण तो बदल पाळण्यातल्या बाळात सापडला तर आज द्यायला गोळी नाही. तुम्ही फक्त १८ वर्षं त्या पोराला पळताना बघून धास्तावणार. घराण्याच्या कोलेस्टेरॉलचं तसं नाही, तिथं स्वस्त गोळी आहे. नेदरलँड्समध्ये लहानपणीच स्टॅटिन सुरू केलेल्या मुलांचा २० वर्षं पाठपुरावा केला. त्यांच्या आजारी आईवडिलांपैकी २६ टक्क्यांना ३९ वर्षांचे होईपर्यंत हृदयाचा त्रास झाला होता. मुलांपैकी १ टक्क्याला.

३९. म्हणूनच हा अभ्यास मला मांजराकाठांचा धागा वाचल्यापासून आठवत होता. लिहू की नको असं झालं होतं.

रक्तात बघायची अजून एक गोष्ट म्हणजे लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा कण. तेही जन्मजात ठरतं, पाचातल्या एकाचं वाढलेलं असतं, खाण्यानं फारसं हलत नाही. आयुष्यात एकदा केलं तरी पुरतं. मांजराकाठ, तुम्ही लिपिड प्रोफाइलसोबत (कोलेस्टेरॉलची तपासणी) ते आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) सांगा, कारण थायरॉइड कमी असला तरी एलडीएल चढतं. बाळाच्या आईचं मात्र आत्ता करू नका. गरोदरपणात कोलेस्टेरॉल वाढतंच, उगाच घाबराल. दोन-तीन महिने जाऊ द्या.

येसर (लातूर)

मी इथं कधी लिहीत नाही. एकच विचारते. मोठ्या भावाला लेकरं आहेत का?

बालवैद्य (परभणी)

येसरताई, हे मी पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे होतं. तीन दिवस आम्ही सगळे पाळण्याभोवती गोळा झालो होतो.

मांजराकाठ (लातूर)

आहेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. आमच्याच घरात असतात. माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नाही. खोटं कशाला बोलू.

बालवैद्य (परभणी)

मग क्रम असा लावा. उद्या तुम्ही. वडिलांचे जुने कागद काढा, बायपासच्या आधीचं कोलेस्टेरॉल बघा, कारण आता ते गोळी खात असतील तर आकडा खाली दिसेल. नंतर दादाची दोन्ही मुलं. बाळाचं १६ ते २४ महिन्यांच्या बूस्टरला, आणि तेही तुमचं वाढलेलं निघालं तरच. आणि एक काम फुकटचं आहे. वडिलांना पालथं झोपवा आणि टाचेमागची घोडशीर दोन बोटांत धरून बघा, या आजारात ती जाड होते. तुमची धरा. फरक लागला तर सांगा.

कडक_चहा (जालना)

आज विनोद नाही. वाचतोय.

मांजराकाठ (लातूर)

साडेतीन आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व. बाळाची थायरॉइड नॉर्मल.

माझं एलडीएल २३४, खूपच जास्त. टीएसएच ठीक. वडिलांची जुनी फाईल आईनं कणगीमागून काढली. २००९चा कागद, एकूण कोलेस्टेरॉल ३६२, त्याच्याभोवती कुणीतरी लाल पेनानं गोल केलेला. १५ वर्षं तो गोल तिथं होता. "घरच्यांचंही बघा" असं आम्हाला तेव्हा कुणी म्हणालं नाही. म्हणालं असेल तर आम्हाला कळलं नाही.

वडिलांची शीर धरली. डॉक्टरसाहेब, माझ्या अंगठ्याएवढी जाड आहे आणि मधी एक गाठ, लिंबाच्या बीसारखी नाही, लिंबोळीएवढी. वडील म्हणाले, "ती तर जन्माची हाय. चप्पल लागून झालेली." मग थोड्या वेळानं म्हणाले, दादालाही होती. शाळेत असताना बूट घासतो म्हणून त्यानं बूट सोडून दिले होते. हे मला आठवतं. टाचेला फडकं गुंडाळून जायचा.

पोरांचं काल कळलं. सहा वर्षांच्याचं ८८. मुलीचं २१९.

वहिनीला सांगायला मी आणि बायको दोघं बसलो. ती काही बोलली नाही. रिपोर्ट घेतला, रेशनकार्ड ठेवते त्या पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "गोळी रोज घ्यावी लागते का? शाळेत डब्यासोबत दिली तर चालंल?" मी म्हणालो, रात्री देऊ. तर म्हणाली, "माझ्या हातानं देईन, बाबांना नका सांगू लगेच." बहिणीलाही कळवलं आहे, ती पुण्यात असते, तिनं अजून तपासलं नाही. म्हणते दिवाळीनंतर बघू. तिला रोज फोन करायलोय.

बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर १६व्या महिन्याच्या रकान्यात मी पेन्सिलीनं "कोलेस्टेरॉल" लिहून ठेवलंय. आईनं विचारलं हे काय. म्हणालो, एक लस आहे.

सोयाबीन_भाव (उदगीर)

भाऊ, आज मी पण रक्त देऊन आलो. आमचे काका ४४ला गेले होते, पित्तच म्हणत होते सगळे.

कुंथलगिरी (धाराशिव)

वहिनींना माझा नमस्कार सांगा. पोरीला शिक्का म्हणाले होते मी. आता मलाच ते आठवतंय. बहिणीचा नंबर द्या, मीच बोलते तिच्याशी, बाईचं बाई ऐकते.

बालवैद्य (परभणी)

मुलीला लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञांना दाखवा, गोळीचा डोस तेच ठरवतील. मोठी झाल्यावर लग्न, दिवस जाणं या वेळी गोळीबद्दल पुन्हा विचारायचं असतं, एवढं फाईलवर लिहून ठेवा. आणि तुम्ही स्वतःची गोळी चालू केली का? ते लिहिलंच नाहीत.

मांजराकाठ (लातूर)

उद्यापासून.

येसर (लातूर)

आज रात्रीपासून. पुतणीसोबतच घ्या, दोघांनी मिळून. आणि आमच्या वाड्यातपण एक असंच घर आहे. लातुरात कुणाला दाखवलंत ते सांगाल का?

मांजराकाठ (लातूर)

व्यनि केला आहे.